उकिडव्यांचा दात आणि सरकता पट्टा

विजयकुमार उकिडवे यांचे दात आजवर फक्त जुलै महिन्यात दुखत आले होते. म्हणजे दाढ काय, ती मनाला येईल तेव्हा ठणकायचीच. पण तिच्या ठणकण्याला मान्यता मिळायची ती जुलैत, सुट्टीवर डोंबिवलीला गेल्यावर. शारजात दाताच्या डॉक्टरकडे जाणं ही उकिडव्यांच्या लेखी निव्वळ उधळपट्टी होती. "आठशे दिरहम! म्हणजे दहा हजार रुपये झाले, साधना! एवढ्यात डोंबिवलीचा डॉक्टर अख्खी बत्तीशी बसवून देईल, वर सोसायटीतल्या भांडणांच्या बातम्या फुकट."

त्यामुळे या घरात दुखणी साठवून ठेवत. साधनाबाईंच्या चष्म्याचा नंबर जुलैत वाढे. लेकीच्या, शुभ्राच्या दातांची तार जुलैत आवळली जाई, आणि वर्षातून एकदाच आवळली गेल्यामुळे तिचे दात सरळ व्हायला इतरांपेक्षा जरा जास्तच वर्षं लागली. अल मजाजमधल्या त्यांच्या बिल्डिंगीतली बहुतेक मराठी कुटुंबं अशीच होती. सुट्टीच्या बॅगा भरताना खजूर, टँग आणि पावडरच्या डब्यांबरोबर ती आपापले आजारही बांधून घेत.

पण नुसता पैशाचा प्रश्न असता तर गोष्ट वेगळी. खरी भीती होती कंपनीला कळण्याची. उकिडवे दुबईत रास अल खोरला एका काँट्रॅक्टिंग कंपनीच्या गोडाउनचे स्टोअर्स मॅनेजर होते. पाइप, व्हॉल्व्ह, एसीचे डक्ट, सगळं त्यांच्या हाताखालून जाई. ते नवे असताना एका फोरमनने भाबडेपणाने मॅनेजरला आपली ब्लड प्रेशरची गोळी दाखवली होती. त्या वर्षी त्याचा व्हिसा रिन्यू झाला नाही. गोळीमुळे झाला नाही की कामामुळे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं; पण गोडाउनमध्ये गोष्ट राहिली ती गोळीची. तेव्हापासून उकिडवे कुणी "कसे आहात?" विचारलं की "फर्स्ट क्लास" म्हणत. ताप असला तरी फर्स्ट क्लास. कंबर धरली तर "एसीचा वारा लागला" म्हणायचं आणि पुढचा ट्रक उतरवून घ्यायचा.

तर दोन हजार सालच्या ऑक्टोबरात त्यांच्या जबड्यात खाली डावीकडे दुखायला लागलं, तेव्हा उकिडव्यांनी दाढेखाली लवंग धरली आणि कॅलेंडरकडे पाहिलं. जुलै नुकताच होऊन गेला होता. पुढचा फार लांब होता.

आणि त्याच महिन्यात कंपनी विकली गेली.

म्हाताऱ्या अरबाबने, म्हणजे मूळ मालकाने, सगळा धंदा एका बड्या ग्रुपला देऊन टाकला. नव्या ग्रुपचा लेबनीज मॅनेजर गोडाउनमध्ये आला. माणूस गोड होता. हेल्परपासून स्टोअर्स मॅनेजरपर्यंत सगळ्यांना 'हबीबी', म्हणजे 'दोस्ता', म्हणायचा. त्याने हसत हसत सांगितलं की सगळ्यांना तीन वर्षांचं नवं काँट्रॅक्ट मिळेल, इन्शाल्ला. फक्त पन्नाशीच्या वरच्यांनी मेडिकल द्यायची. रक्त, एक्स-रे आणि एक स्ट्रेस टेस्ट. नापास झाला तर काय, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. फॅब्रिकेशनचा एक फोरमन पहिल्याच आठवड्यात टेस्टला गेला, आणि त्यानंतरच्या शनिवारी त्याच्या टेबलावर दुसऱ्याच माणसाचा चहाचा कप होता. मग सगळ्यांनाच कळलं.

उकिडवे बावन्न वर्षांचे होते. बायको आणि मुलगी त्यांच्याच व्हिसावर. त्यांचा व्हिसा गेला की महिन्याभरात तिघांनी बॅगा उचलायच्या. शुभ्रा बारावीत. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये, शारजाच्या शाळेतून. मधेच उठून डोंबिवलीला गेली तर कुठलं कॉलेज तिला घेणार? पोरीचं वर्ष बुडणार. उकिडव्यांना रात्रंदिवस एवढं एकच दिसत होतं: आपण टेस्टला पास व्हायचं. नोव्हेंबरच्या मधली तारीख मिळाली होती.

शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडे पोह्यांवर सभा बसली. सभेला दोनच जण: सातव्या मजल्यावरचा उपेंद्र, जो एसी विकायचा, आणि समोरच्या बिल्डिंगमधला विलास, जो बँकेत होता आणि रोज संध्याकाळी जवळच्या लगूनला, खाडीच्या पाण्याकाठी, चकरा मारायचा.

"स्ट्रेस टेस्ट म्हणजे काय वाटलं तुला, विजय?" उपेंद्र म्हणाला. "पट्ट्यावर चढवतात आणि पळवतात. पट्ट्याची प्रॅक्टिस पट्ट्यावरच करायची. माझ्याकडे ये. ट्रेडमिल आहे घरी."

"त्या ट्रेडमिलवर तू चालताना तुला कुणी पाहिलंय का?" विलासने विचारलं. "मी तरी तिच्यावर चादरीच वाळताना पाहिल्यात."

"चादरी बायकोच्या. मशीन माझं."

"अरे, माणसाने मोकळ्या हवेत चालावं. समोर पाणी, कारंजं, बायाबापड्या, पोरं. एका जागी उंदरासारखं काय धावायचं? विजय, तू माझ्याबरोबर चल. फेरी पूर्ण केलीस की टेस्टचा बाप पास होशील."

"आणि जून-जुलैत कुठे जाते तुझी मोकळी हवा?"

"जून-जुलैत मी सुट्टीवर जातो!"

साधनाबाई पोह्यांवर खोबरं घालता घालता म्हणाल्या, "आधी ह्यांचा तो दात दाखवून घ्या म्हणावं. बाजारातून चालत आले की गाल धरून बसतात."

"दाताचा काय संबंध?" उकिडवे एकदम वरच्या पट्टीत म्हणाले. "दात जुलैत."

विलासबरोबर ते गेले. लगूनच्या कडेने फरसबंद रस्ता, संध्याकाळची वेळ, ऑक्टोबर संपत आलेला, हवा सुखद. विलास ताडताड चालणारा माणूस, आणि चालता चालता बँकेतल्या राजकारणावर बोलणारा. निम्मी फेरी होते न होते तोच उकिडव्यांच्या जबड्यात कळ आली. दाढेच्या मुळाशी कुणी बोट घालून दाबावं तशी. लवंग चावली. कळ कानापर्यंत गेली. ते कठड्याला टेकून उभे राहिले.

"काय रे?"

"काही नाही. कारंजं बघतोय."

"बारा वर्षं राहतोस इथे, आज दिसलं तुला कारंजं?"

पाण्याकडे बघत ते उभे राहिले, आणि आश्चर्य म्हणजे कळ विरून गेली. पुन्हा चालू लागले, पुन्हा थोड्या वेळाने आली. पुन्हा एका बाकाशी त्यांना बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. विलासच्या लक्षात आलं नाही, कारण विलासचं लक्ष सहसा विलासच्या बोलण्याकडे असे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी उकिडव्यांनी निष्कर्ष काढला. ते स्टोअर्सचे माणूस होते. कुठला माल कुठल्या रॅकमुळे गंजतो हे शोधून काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पाण्यावरून वारा येतो, चालताना तोंडाने श्वास घ्यावा लागतो, वारा किडक्या दाताला लागतो. थांबलं की तोंड मिटतं, कळ थांबते. हिशेब चोख होता. चूक काढायला जागाच नव्हती.

"मोकळी हवा बाद," त्यांनी घरी जाहीर केलं.

मग उपेंद्रची ट्रेडमिल. चादरी उचलून सोफ्यावर टाकल्या गेल्या. उपेंद्रने बटण दाबलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ते उकिडवे आजवर बोलण्यापुरतं समजत होते. इथे ती खरोखर सरकली. पाय मागे गेले, धड पुढे राहिलं, दोन्ही हातांनी दांडी धरून ते बसच्या दाराला लोंबकळावं तसे लोंबकळले.

"चाल! चाल!" उपेंद्र ओरडला.

"बंद कर!"

"अरे, चाल ना! दांडी सोड!"

"बंद कर म्हणतो ना, गाढवा!"

बंद झालं. उकिडवे घामाघूम होऊन खाली उतरले, तेव्हा जमीन स्थिर आहे यावर त्यांचा विश्वास बसायला काही क्षण लागले. जबडा दुखायला अजून वेळच मिळाला नव्हता. "हे माणसासाठी बनवलेलं नाही," ते म्हणाले. उपेंद्रने निमूटपणे चादरी परत टाकल्या.

राहिला बिल्डिंगचा गच्चीवरचा हेल्थ क्लब. नाव मोठं, आत एक सायकल, डंबेल्सची एक जोडी आणि नुकतंच आणलेलं एक नवं मशीन, ज्याला वॉचमन 'इलिप्टिकल' असं म्हणायचा प्रयत्न करी आणि शेवटी 'वो झूलनेवाला' म्हणून सोडून देई. दोन पावलं ठेवायच्या लांब पट्ट्या, दोन उभे दांडे. पाय पट्टीवरून उचलायचेच नाहीत; लंबगोल फिरवत राहायचे, हात पुढे-मागे करत राहायचे. चालल्यासारखं वाटतं, पण टाच कुठे आपटत नाही, गुडघ्याला धक्का बसत नाही.

उकिडवे चढले. बटणांत लेव्हल होती. त्यांनी एक नंबर ठेवली आणि झुलू लागले. वारा नाही, पाणी नाही, तोंड मिटलेलं. एकदा लय लागली की मशीन आपसूक फिरत होतं. समोरच्या पडद्यावर किलोमीटर वाढत होते, कॅलरी वाढत होत्या. आणि जबडा गप्प. अगदी गप्प!

खाली आले ते तरुण होऊन. "साधना, पाच किलोमीटर! दाताला कळलंसुद्धा नाही."

त्यानंतर ते रोज झुलायला जाऊ लागले. रोज पडद्यावरचा आकडा मोठा होई, रोज ते तो जेवताना सांगत. उपेंद्रला त्यांनी मुद्दाम वर नेऊन दाखवलं. उपेंद्र हाताची घडी घालून बघत राहिला.

"विजय, हे मशीन तू चालवतोयस की मशीन तुला चालवतंय?"

"आकडा बघ आकडा!"

"लेव्हल बघितली मी. लेव्हल एकवर माझी आजी जेरुसलेमपर्यंत जाईल."

"जळतोस तू."

शुभ्राही एकदा हाक मारायला वर आली. वडील ऐटीत झुलत होते. तिने क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, दॅट्स जस्ट मोमेंटम. यू आर नॉट पुशिंग एनीथिंग."

"फिजिक्सच्या पेपरला लिही ते," उकिडवे म्हणाले. "मार्क मिळतील."

पण टेस्टला जेमतेम आठवडा उरला आणि घरातलं बोलणं कमी झालं. शुभ्राच्या खोलीचं दार बंद असे. आत प्रिलिमची तयारी चालली होती. उकिडवे गोडाउनमधून येताना ट्रॅफिकमध्ये अडकत, आणि गाडीत बसल्या बसल्या त्यांना तो चहाचा कप दिसे. एक दिवस रास अल खोरला वरच्या रॅकवरचे व्हॉल्व्ह मोजायला ते शिडी चढले. वर पोचेपर्यंत दाढ ठणकायला लागली. वारा नव्हता. त्यांनी गोडाउनच्या मोठ्या पंख्याकडे पाहिलं आणि स्वतःला सांगितलं, पंखा. पंखा बराच लांब होता. खाली उतरल्यावर त्यांनी एका हेल्परला पंखा दुसरीकडे फिरवायला लावला.

हेल्थ क्लबात बायकांची वेळ होती, म्हणून त्या संध्याकाळी साधनाबाईच त्यांना लगूनला घेऊन गेल्या. "चला, मी हळू चालते." आणि खरंच त्या हळू चालल्या. तरी लगूनवरच्या पुलाच्या चढावर उकिडव्यांचं बोलणं तुटलं. हात जबड्याकडे गेला.

साधनाबाई थांबल्या. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. घरी शिकवण्या घेणाऱ्या बाई. मूल खोटं बोलतंय की त्याला खरंच येत नाहीये, हे त्यांना वहीकडे न बघता कळे.

"गेलं?" त्यांनी थोड्या वेळाने विचारलं.

"गेलं."

"चहा पिताना दुखतो दात?"

"नाही."

"थंड पाण्याने?"

"नाही गं."

"चावताना?"

उकिडव्यांनी दाढेखालची लवंग चावून पाहिली.

"मग हा कसला दात, अहो? चाललं की दुखतो, थांबलं की राहतो. दाताला काय ठाऊक तुम्ही चालताय ते?"

"वारा."

"आज वारा आहे?"

लगूनचं पाणी आरशासारखं होतं. विरुद्ध किनाऱ्यावरच्या टॉवरांचे दिवे पाण्यात जराही हलत नव्हते.

"तिथे टेस्टला सांगा त्यांना," साधनाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टरला सांगा की असं असं होतं."

"एक शब्द बोलायचा नाही." उकिडव्यांचा आवाज इतका कडक झाला की शेजारून जाणाऱ्या माणसाने वळून पाहिलं. "कळतंय का तुला? एक शब्द नाही. मार्चपर्यंत काय वाट्टेल ते होऊ दे. रिपोर्ट सरळ कंपनीत जातो, आपल्या हातात येत नाही."

"आणि मार्चपर्यंत तुम्ही राहिला नाहीत तर?"

हे वाक्य त्यांच्या लग्नाच्या आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. दोघांनाही ते ऐकू आल्यावर भीती वाटली. उरलेला रस्ता दोघं चालले, आणि उकिडवे एकदाही थांबले नाहीत. कळ येत होती. तरी थांबले नाहीत.

टेस्टच्या दिवशी सकाळी दुबईतल्या देइरा भागातल्या एका क्लिनिकमध्ये नंबर होता. साधनाबाई बाहेर खुर्चीवर बसल्या. आत हारुन नावाचा हैदराबादी टेक्निशियन होता. त्याने उकिडव्यांच्या छातीवरचे केस जागोजागी भादरले, गार जेल लावून बटणं चिकटवली, वायरी जोडल्या. कोपऱ्यात स्क्रीनसमोर एक डॉक्टरीण बसली होती, कागदाच्या लांब पट्टीवर काहीतरी बघत.

"टेन्शन नहीं लेने का सर," हारुन म्हणाला. "सिर्फ चलना है. हर तीन मिनट में थोडा स्पीड, थोडा चढाव. कुछ हुआ तो बोलना."

"फर्स्ट क्लास," उकिडवे म्हणाले. तोंडाची सवय.

पट्टा सुरू झाला. सुरुवातीला सावकाश. त्यांनी दांडी घट्ट धरली.

"डंडा मत पकडो सर. उँगली रखो बस."

बोटं ठेवली. पाय हळूहळू जमले. हे जमतंय! त्यांनी मनातल्या मनात झुलण्याची लय धरायचा प्रयत्न केला. पण इथे लय धरून चालत नव्हतं. झुलण्याच्या मशीनला तुमची घाई नव्हती. लगूनला तर हवं तेव्हा कारंजं बघता येत होतं. इथे पट्टा मागे जात होता, आणि तो जेवढा मागे जाईल तेवढं पुढे यावंच लागत होतं. उद्याचं पाऊल आज टाकता येत नव्हतं, आजचं उद्यावर ढकलता येत नव्हतं. हारुनने दंडाला पट्टा बांधून प्रेशर घेतलं. पायाखालच्या पट्ट्याचं पुढचं टोक वर उचललं गेलं. चढ आला. वेग वाढला.

आणि कळ आली.

खाली डावीकडे, नेहमीच्या जागी. उकिडव्यांनी तोंड मिटून घेतलं. कळ वाढली. त्यांनी खोलीत नजर फिरवली. खिडक्या बंद. एसीची जाळी पाठीमागे, वर. वारा कुठेच नव्हता. पंखा नव्हता. पाणी नव्हतं. त्यांनी बांधलेला सगळा हिशेब त्या बंद खोलीत उभा राहिला आणि एकेक करून त्यातला माल गायब झाला.

"छाती में दर्द?" डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं. "भारीपन? साँस?"

"नो."

खरंच नव्हतं छातीत. अगदी खरं उत्तर होतं. छातीबद्दल विचारलं, छातीबद्दल सांगितलं. दाताबद्दल कुणी विचारलंच नव्हतं! पुढची दीड-दोन मिनिटं काढली की हा टप्पा पार; मग अजून एक; मग खलास, पास. तीन वर्षं. शुभ्राचा पेपर. त्यांनी जीभ दाढेवर दाबली. घाम डोळ्यांत उतरला. दंड जड वाटायला लागला, आतल्या बाजूने, कोपरापर्यंत.

"और स्पीड आयेगा सर," हारुन म्हणाला. "रेडी?"

डॉक्टरीण आता पुढे झुकली होती. कागद हातात घेऊन बघत होती. "मिस्टर उकिडवे, आर यू शुअर? एनी पेन? एनीव्हेअर?"

एनीव्हेअर.

तीन वर्षांचं काँट्रॅक्ट, उकिडव्यांच्या मनात आलं, आणि आपण? आपण किती वर्षांचे? पट्टा मागे सरकत होता. उभं राहायला जागा नव्हती. टेकायला कठडा नव्हता, बांधायला नाडी नव्हती. बाहेर साधना पर्स मांडीवर धरून बसली असेल. तिने काही विचारलं नव्हतं, येताना गाडीतसुद्धा नाही.

"दात," ते म्हणाले. "दाँत में दर्द है."

हारुनला हसू आलं. "दाँत, सर? यहाँ?"

डॉक्टरीण हसली नाही. तिने स्वतः उठून लाल बटण दाबलं.

पट्टा थांबला. त्यांना पलंगावर आडवं केलं, जिभेखाली एक गोळी ठेवली. कळ नेहमीसारखी विरत गेली, आणि विरली तसे उकिडवे छताकडे बघत पहिल्यांदाच मोठ्याने बोलू लागले: कधीपासून, कुठे कुठे, शिडीवर, पुलावर. डॉक्टरीणबाई लिहीत गेल्या. बोलणं एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबवताच येईना. फोरमनच्या गोळीची गोष्टसुद्धा सांगून टाकली. साधनाबाईंना आत बोलावलं तेव्हा त्या दारात उभ्या राहून नवऱ्याचं बोलणं ऐकत होत्या. आत येऊन त्यांनी त्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि डॉक्टरला विचारलं, "कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं?"

हृदयाची एक मोठी शीर जवळजवळ बंद होत आली होती. त्याच आठवड्यात सरकारी हॉस्पिटलात तिच्यात जाळीची नळी बसवली. उपेंद्र आणि विलास दोघं मिळून भेटायला आले, आणि पलंगाच्या दोन बाजूंना बसून चालण्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. शुभ्रा फिजिक्सचं पुस्तक घेऊन आली होती. ते उलटं धरलेलं होतं.

रिपोर्ट अर्थातच कंपनीत गेला. घरी आल्यावर उकिडवे आठवडाभर फोनची वाट बघत होते. फोन आला नाही. आठव्या दिवशी ते स्वतःच उठले, शर्टाला इस्त्री केली आणि टॅक्सीने रास अल खोरला गेले. साधनाबाईंनी अडवलं नाही. फक्त "शिडी चढू नका," एवढंच म्हणाल्या.

लेबनीज मॅनेजर उठून उभा राहिला, गळाभेट घेतली. "हबीबी! हाऊ आर यू?"

जिभेच्या टोकावर तीच जुनी दोन शब्दांची जोडी आली होती. उकिडव्यांनी ती गिळली.

"नॉट सो गुड," ते म्हणाले. "हार्टचं ऑपरेशन झालंय. तुम्ही रिपोर्ट वाचला असेल."

मॅनेजर बसला. टेबलावरचा पेन सरळ केला. मग जे सांगायचं ते त्याने सांगितलं: तीन वर्षांचं काँट्रॅक्ट देता येणार नाही, वरचे लोक ऐकणार नाहीत, त्याच्या हातात नाही. उकिडवे मान हलवत ऐकत होते. मुंबईच्या ऑफिसांतल्यासारखं त्यांनी हात जोडले नाहीत, की मुलीचा फोटोही काढला नाही.

"स्टॉकटेकिंग मी केल्याशिवाय होणार नाही," ते म्हणाले. "गोडाउनमध्ये काय कुठे आहे ते मला ठाऊक आहे, आणि तुमचा नवा माणूस अजून आलेला नाही. एप्रिलअखेरपर्यंत हँडओव्हर करतो. तोवर व्हिसा राहू द्या. मुलीची परीक्षा मार्चमध्ये आहे."

"कॅन यू वर्क? फुल डे?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी या प्रश्नाचं 'नो प्रॉब्लेम सर' असं उत्तर दिलं नाही.

"फुल डे नाही. दुपारी तासभर आडवा पडेन. शिडी चढणार नाही, वजन उचलणार नाही. रोज सकाळी डॉक्टरने सांगितलंय तेवढं चालायचंय, म्हणून उशिरा येईन. आणि काही झालं, तर त्याच दिवशी तुम्हाला सांगेन."

मॅनेजर त्यांच्याकडे बघत राहिला. असा माल खपवायला आलेला माणूस त्याने बहुधा पाहिला नसावा, जो आधी खोक्यावरचे सगळे पोचे दाखवतो. बाहेर फोर्कलिफ्ट मागे येत असल्याचा तो टूंटूं आवाज चालू होता.

"एप्रिल," शेवटी मॅनेजर म्हणाला. "आफ्टर दॅट, खलास."

"खलास," उकिडवे म्हणाले.

त्यांनी गोडाउनच्या दारातूनच घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"एप्रिलअखेर," ते म्हणाले.

मग साधनाबाईंनी फोनवर हात न ठेवता खोलीत हाक मारली, "शुभ्रा, इथेच बसायचंय पेपरला!" आणि त्यावर आतून काहीतरी इंग्रजीत ओरडल्याचं, खुर्ची मागे सरकल्याचं, दार आपटल्याचं ऐकू आलं.

"आणि मग?" साधनाबाईंनी विचारलं. "एप्रिलनंतर?"

"मग काही नाही. डोंबिवली."

"तिथे काय करणार तुम्ही?"

समोर ट्रक लागला होता. एक हेल्पर चलन घेऊन सहीसाठी त्यांच्याचकडे येत होता.

"माहीत नाही गं," ते म्हणाले. "भीती वाटतेय." आणि हेही त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"बरं," साधनाबाई म्हणाल्या. "घरी या. बोलू."